शेवटच्या पानाचा फोटो

पुस्तक वाचायला आधी विषय कशाला ठरवावा लागतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. भूक लागली की माणूस जेवतो. आज फक्त पिवळं जेवायचं, असं कुणी ठरवत नाही. आमच्या वाचक मंडळात मात्र ठरतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, होटगी रोडला अध्यक्षीणबाईंच्या गच्चीवर, शेंगापोळी खाता खाता ठरतं. या महिन्यात लाल मुखपृष्ठाचं पुस्तक. या महिन्यात नावात आकडा असलेलं. या महिन्यात शंभर पानांच्या आतलं. एकदा तर विषय होता, 'ज्यात एकही लग्न होत नाही असं पुस्तक'. आता लग्न होत नाही हे पुस्तक संपल्याशिवाय कळणार कसं? माझ्या पुस्तकात मेलं अगदी शेवटी शेवटी लागलं लग्न, आणि सगळं मुसळ केरात. उरलेल्या चार दिवसांत दुसरं पुस्तक शोधून वाचावं लागलं.

लोक तरी काय काय करतात! हिरव्या मुखपृष्ठाच्या महिन्यात एका गृहस्थांनी घरातल्याच पुस्तकाला हिरवा कागद चढवून आणला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. लाल म्हणून त्यांनी लोणच्यांचं पुस्तक वाचलं, आकडा म्हणून चटण्यांचं. माणूस हुशार, पण दोन वर्षांत त्यांनी स्वयंपाकघराबाहेरचं एक पान उलटलं नसेल. आणि त्यांनाही टाळ्या.

अध्यक्षीणबाई बँकेत अधिकारी होत्या, त्यामुळे नियमाला पक्क्या. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, मधलं गाळायचं नाही. संपलं की शेवटच्या पानावर अंगठा ठेवून फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. त्या फोटोखाली बाई हिरवी बरोबरची खूण करणार. वर्षाच्या सगळ्या खुणा झाल्या की डिसेंबरात शाल आणि श्रीफळ. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, हजारो पोरांच्या वह्यांवर बरोबर-चूक केलं, आणि आता म्हातारपणी दुसऱ्याच्या बरोबरच्या खुणेकडे डोळे लावून बसते. पोरकटपणा आहे सगळा. पण खरं सांगायचं तर माझी एकही खूण कधी चुकली नव्हती. दोन्ही वर्षांच्या शाली माझ्या कपाटात आहेत. सोलापूरच्या उन्हात त्या पांघरणार कधी, हा प्रश्न वेगळा.

तर मार्च महिन्यातली गोष्ट. गच्चीवर मांडव घातलेला, तरी फरशी चटके देत होती. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "उन्हाचे दिवस आहेत, म्हणून या वेळी विषय एकदम सोपा ठेवलाय. मातृभाषेतलं पुस्तक! झालं, सगळे पास."

सगळे हसले. मी म्हणाले, "माझी मातृभाषा तेलुगू आहे."

"अहो, तुम्ही कसल्या तेलुगू! तुम्ही तर मराठीच्या बाई. किती शुद्ध बोलता!"

हे कौतुक मी नोकरीला लागले त्या दिवसापासून ऐकत आलेय. आमच्या पूर्व भागात, साखर पेठेत, दाजी पेठेत, निम्म्या घरांतून तेलुगूच ऐकू येतं. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले आणि इथलेच झाले. आम्ही घरात तेलुगूत भांडलो आणि शाळेत मराठीत पहिले आलो. बोलता सगळं येतं, पण वाचायला? एक अक्षर नाही. वडील म्हणायचे, नोकरी मराठीत मिळते, तेलुगू वाचून काय माग चालवायचाय? त्यांचंही चुकलं नाही म्हणा.

गच्चीवर तशी मी एकटीच नव्हते. अक्कलकोटकडचे एक वकील हळूच म्हणाले, "माझीबी कन्नड की हो. पण जाऊ द्या, मराठी धरा." एका मैत्रिणीच्या घरी दखनी बोलतात, ती उर्दू झरझर वाचते, ती नुसती हसली आणि म्हणाली, "माझं तर झालंच म्हणायचं."

"तुमचीही मराठीच धरू की," अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या.

धरू की! कुणाच्या आईची भाषा कुठली, तेही आता बाईच धरणार. माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "माझी आई अजून आहे घरात. तिला विचारा कुठली धरायची ते. आणि मी तेलुगूच पुस्तक वाचणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोलून तर बसले. जिन्यावरून उतरताना लक्षात आलं, की आपण काय घोळ घालून ठेवलाय.

घरात आम्ही दोघीच, मी आणि अम्मा. भाऊ पुण्याला. अम्माचे डोळे काचबिंदूनं गेले. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हे दुखणं आतल्या आत डोळे खाऊन गेलं, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता ती दाराजवळच्या खाटेवर बसून असते. रस्त्यावरून कोण गेलं ते चपलांच्या आवाजावरून ओळखते आणि टीव्हीवरच्या तेलुगू मालिकांतल्या सासवांना शिव्या घालते. आमचं बोलणं सगळं तेलुगूत चालतं. इथं मी ते मराठीत लिहितेय, आणि अम्माच्या तोंडी आमच्या पेठेतली मराठी घालतेय, कारण पुस्तकी मराठीत तिचा ठसका यायचा नाही.

तिला सगळा प्रकार सांगितला तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "साठीला आली बया, आन् बाराखडी शिकती! शिकवणार कोण तुला?"

"शिकीन माझी मी."

"आन् वाचणार काय?"

ते मी ठरवलंच नव्हतं. अम्मानं पाय खाटेवर घेतले. मग म्हणाली, "माज्या पेटीत एक पुस्तक हाय बग. जाडजूड. दोन बहिणींचं. शेवट राहिलाय माजा त्यातला. डोळे गेले आन् शेवट राहिला."

मी विचारलं, "इतकी वर्षं बोलली नाहीस कधी?"

"कुणाला बोलू? भिंतीला? ह्या घरात तेलुगू वाचतंय कोण?"

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. राग कुणाचा ते कळेना. मी कपाटंच्या कपाटं पुस्तकं वाचली, रंगाप्रमाणं वाचली, आकड्यांप्रमाणं वाचली. आणि ही बाई एका गोष्टीच्या शेवटापाशी येऊन अंधारात बसून राहिली होती. शेजारच्या खोलीत मी होते, पण माझा तिला काही उपयोग नव्हता. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की खूण मिळो न मिळो, अम्माला तो शेवट ऐकवायचाच.

पेटी उघडली तर तंबाखूचा वास आला. मला सलग सहा-सात शिंका आल्या. आमची अम्मा विड्या वळायची, पेठेतल्या सगळ्या बायका वळायच्या. दुपारी आमच्या पडवीत दहा-बारा जणी सूप मांडीवर घेऊन बसत. त्यांत वाचता येणारी एकटी अम्मा. ती तिकडच्या गावात चौथीपर्यंत शिकून आलेली. त्यामुळं पडवीत एक रीत पडली होती. अम्मा सूप बाजूला ठेवून पुस्तक वाचून दाखवायची, आणि तिच्या वाट्याच्या विड्या बाकीच्या जणी थोड्या थोड्या वळून द्यायच्या. मी तेव्हा आतल्या खोलीत कानात बोटं घालून मराठीच्या कविता पाठ करत असे. अम्मा काय वाचते ते ऐकायची मला कधी इच्छा झाली नाही. ती वाचायची थांबली की बायका "पुढं काय, पुढं काय" म्हणून गलका करायच्या, त्याचाच मला त्रास व्हायचा.

पुस्तकाचं मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं. पहिलं पानही नाही, त्यामुळं नाव काय, लिहिलं कुणी, काही पत्ता नाही. कन्ना चौकात जाऊन मी तेलुगू पहिलीचं पुस्तक घेतलं. दुकानदारानं विचारलं, "नातवाला का, बाई?" मी हो म्हणून टाकलं.

आता ती अक्षरं. देवा! सगळी गोल. कुठं गाठ आहे, कुठं शेपूट आहे, एवढाच फरक. प, व, म आणि य ही चार तर एकाच आईची पोरं. एकाला हाक मारावी तर दुसरंच ओ देतं. जोडाक्षर आलं की त्यातलं दुसरं अक्षर खाली लोंबकळत बसतं. ज्या पोरांना मी 'एवढं साधं कळत नाही का' म्हणून ओरडले, ती सगळी त्या महिन्यात मला आठवली.

आणि अडलं तर विचारू कुणाला? अम्माला दिसत नाही. पहिल्या दिवशी मी नुसती वर्णनं करत बसले, "अगं, वर टिचकी आहे, मग पोट आहे, पोटात टिंब आहे..." अम्मा वैतागली. "पोट न् टिंब काय सांगतीस? हितं काढ," म्हणून तिनं हात पुढं केला. मी तिच्या तळहातावर बोटानं अक्षर गिरवलं. तिनं मूठ मिटली आणि म्हणाली, "ध. पोट फोडलंय बग त्याचं. बिनफोडलेला द." तेव्हापासून आमची हीच पद्धत झाली. पुस्तक माझ्या मांडीवर, अम्माचा हात माझ्या हातात. जे अक्षर अडेल ते तळहातावर काढायचं. विड्या वळून वळून तिचा तळवा राठ झालेला. जोर लावून गिरवावं लागायचं.

बरं, अक्षर कळलं म्हणून अर्थ कळतो का? आमच्या घरातल्या तेलुगूत निम्मं सोलापूर मिसळलेलं. पुस्तकातली तेलुगू नेसून-सवरून बसलेली. मी एकेक अक्षर लावून शब्द उच्चारायचे, त्यातलं मला काही कळायचं नाही, आणि अम्मा मात्र खुदकन हसायची. मग मला सांगायची. दोघी बहिणी, आईच्या नथीवरून भांडलेल्या. वर्षानुवर्षं बोलणं बंद. धाकटी आजारी पडते, आणि थोरली बैलगाडी जुंपून तिच्या गावाला निघते. एवढीच गोष्ट. पण लिहिणाऱ्यानं त्या बैलगाडीला वाटेत इतक्या ठिकाणी थांबवलं होतं की काय सांगू. नदी आली की थांब. देऊळ आलं की थांब. आणि प्रत्येक ठिकाणी थोरलीला जुनं काही तरी आठवणार, ते पानंच्या पानं चालणार.

अम्मा तर त्या लेखकाच्या वरताण. दोन ओळी झाल्या की पाणी दे. चार ओळी झाल्या की "परत वाच, नीट ऐकू आलं न्हाय." मधेच "त्या नदीसारखी आमच्या गावाकडं एक नदी हाय" म्हणून तिच्या माहेरची गोष्ट सुरू. तिच्या माहेरचं मी इतकं कधीच ऐकलं नव्हतं, हेही खरं. पण मला महिना संपताना दिसत होता! एकदा मी चिडून म्हणाले, "अम्मा, अशानं आपण शेवटाला कधी पोचायचं?"

"पोचू की. गाडी बैलाची हाय, इमान न्हाय."

महिना संपत आला तेव्हा पुस्तकाचा चौथा हिस्साही झाला नव्हता. मला एक युक्ती सुचली. म्हणाले, "असं कर. मधलं तू पूर्वी वाचलेलंच आहेस. मी सरळ शेवटची पानं वाचते. तुला शेवट कळेल, मला फोटो काढता येईल. मधलं मग सावकाश वाचू."

अम्मानं हात काढून घेतला. "मधलं सोडून शेवट वाचतंय का कोण? वाटेत न उतरता गाव येतं व्हय?"

"पण तू वाचलंयस ना?"

"इसरले."

विसरली म्हणते तर विसरली. वय झालंय.

एप्रिलच्या बैठकीत मी सांगितलं की पुस्तक अपूर्ण आहे. सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले; मी आणि अपूर्ण! अध्यक्षीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? शेवटच्या पानावर अंगठा ठेवा आणि टाका फोटो. इथं तेलुगू कळतंय कुणाला?"

आणि मग मात्र माझा संताप संताप झाला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा नियम ह्यांचाच, मराठी धरू म्हणणाऱ्या ह्याच, आणि वाचलं न वाचलं कळतंय कुणाला म्हणणाऱ्याही ह्याच! म्हणाले, "मला कळतंय की." आणि तिथंच ग्रुपवर स्वतःच्या हातानं लिहिलं: अपूर्ण. माझ्या नावापुढं लाल फुली आली. चटण्यांवाल्या इंजिनियरांना मातृभाषेच्या महिन्यात हिरवी खूण. त्यांनी भाकरीच्या प्रकारांवरचं पुस्तक वाचलं होतं.

नवा विषय निळं मुखपृष्ठ. मी निळं पुस्तक आणलं. सकाळी निळं, दुपारी अम्माचं, असा बेत केला. दोन-चार दिवस जमलं. मग अम्माला ताप आला, छातीत कफ भरला, आणि दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, वय बघता जपायला पाहिजे, पुढचं काही सांगता येत नाही. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच होतं: हिचा शेवट राहिलाय. थोरली अजून दुसऱ्याच देवळापाशी अडकलीय, आणि हिला काही झालं तर? इतक्या उशिरा अक्षर शिकले, तेही पुरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी नळी लावलेला हात पुढं करून अम्मानं विचारलं, "पुस्तक आणलंस का?" मी आणलं होतं. वॉर्डात बसून मोठ्यानं वाचायला लागले. शेजारच्या खाटेवरची मंद्रूपची म्हातारी म्हणाली, "ह्ये कुटलं वं बाई? मंत्र हायती का?" मी म्हणाले, "गोष्ट आहे." ती म्हणाली, "आसू द्या. चांगलं वाटतंय ऐकायला."

तिथंही मी अम्माला विनवलं. "शेवट वाचू का गं? हट्ट करू नकोस." तिनं डोळे मिटूनच मान हलवली. नाही म्हणजे नाही. असली हेकट बाई मी जन्मात पाहिली नाही, आणि मी तिच्याच पोटची, म्हणजे बघा.

आठवड्यानं घरी आणली. मी निळं पुस्तक बाजूला ठेवून दिलं आणि सकाळ-दुपार अम्माचंच हातात घेतलं. आता अक्षरं बरीच ओळखीची झाली होती, चार-पाच पानं व्हायची. मी पुढं ढकलायचे, ती मागं ओढायची. "नीट वाच. घाई कसली?" घाई कसली! डॉक्टर काय म्हणाले ते हिला सांगायचं नव्हतं, आणि न सांगता घाईही करायची होती. रोज दुपारी मी आतल्या आत जळत वाचायचे.

मग महिना-दीड महिन्यानं एका दुपारी चिन्नम्मा आली. चिन्नम्मा म्हणजे मावशी. ही काही सख्खी नाही, पण आमच्या पडवीत विड्या वळून म्हातारी झालेली, अम्माची जिवाची मैत्रीण. आता कुंभारीला घरकुलात राहते आणि अजून विड्या वळते. अम्मा आजारी होती ते तिला उशिरा कळलं, म्हणून बस धरून आली. आली तेव्हा मी वाचत होते. ती चप्पल काढता काढता थबकली, दारातच उभी राहून ऐकायला लागली, आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"अय्यो, हे दोगी बहिणींचं न्हवं का? अक्का, अजून हाय व्हय हे तुज्याजवळ?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बिड्डा, पोरी, तुला सांगते, तुज्या आईनं तीनदा वाचून दाखवलंय आमाला हे. तीनदा! आमी सोडतच नव्हतो तिला. शेवटी ती थोरली गाडीतनं उतरती बग, आन् दारात..."

"ए!" अम्मा अशी ओरडली की टीव्हीवरची पाल पळाली. "गप! एक अक्षर पुढं बोललीस तर बग!"

चिन्नम्मानं तोंडावर हात ठेवला. अम्माकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काय झालं ते तिला कळलं नाही, पण काही तरी झालं एवढं कळलं. मी चहा केला. तिनं तो घाईघाईनं बशीत ओतून प्यायला, अम्माच्या गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ बसली, आणि बस चुकेल म्हणून उठली.

ती गेल्यावर मी पुस्तक घेतलं आणि थेट शेवटचं पान उघडलं. वाचलं नाही. फक्त झटकलं. पानांच्या बेचक्यातून तंबाखूची भुकटी पडली, अगदी शेवटच्या पानातूनसुद्धा; विडीचा हात तिथवर पोचलेला होता.

"तीनदा?" मी म्हणाले.

अम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"शेवट राहिलाय म्हणाली होतीस. दवाखान्यात मला काय वाटलं असेल? बाहेर बाकावर बसून मी काय काय मनात आणलं! माझे डोळे शिणून गेले, मंडळात लाल फुली घेतली, ह्या वयात ध न् द गिरवत बसले. आणि तुला सगळं पाठ! खोटारडी आहेस तू, अम्मा. लबाड आहेस."

खूप बोलले मी. इतकी वर्षं वर्गात पोरांना बोलले नसेन इतकं बोलले. ती ऐकत बसली. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मला दिसत न्हाय, पण ऐकू येतं की सगळं. तू तितं कोपऱ्यात बसून वाचतीस. पान उलटतीस त्ये ऐकू येतं. मग फोनचं टक् हुतं. टक् झालं की मी समजते, हे संपलं. मग तू उठतीस, दुसरं घेतीस. इतकी पुस्तकं झाली, बिड्डा, पण टक् झाल्यावर एकाला तरी परत हात लावलास का? मी न्हाय ऐकलं." तिनं पदर सारखा केला. "ह्याचंबी टक् झालं असतं. मग तू परत कोपऱ्यात, आन् मी हितं."

भांडायला जागाच ठेवली नव्हती तिनं. बाहेर कुणाचा तरी माग खडखडत होता. माझा फोन वाजला; ग्रुपवर अध्यक्षीणबाईंनी नव्या विषयाची आठवण करून दिली असणार. मी तो उचलला, आवाज बंद केला आणि आतल्या खोलीत गादीखाली ठेवून आले.

आमचं वाचणं जिथवर आलं होतं तिथं मी बसचं एक जुनं तिकीट घालून ठेवलं होतं. थोरली आता धाकटीच्या गावाच्या वेशीपाशी पोचली होती. थोडीच पानं उरली होती. मी ते तिकीट काढलं आणि मुठीत चुरगाळलं.

"अम्मा," मी खाटेवर तिच्या शेजारी बसत म्हणाले, "कुठवर आलो होतो गं आपण? खूण पडली बघ कुठं तरी."

अम्मानं तळहात उघडून माझ्या मांडीवर ठेवला.

"मग पहिल्यापासनंच घे की," म्हणाली.